कॅलिको : चांदीच्या भावाने वसलेले, भावानेच उठलेले गाव

शेतीच्या आधाराने वसलेले गाव दुष्काळात, साथीत किंवा लढाईत उठले, तरी जमीन आणि पाणी जागेवर राहत असल्याने पुढच्या पिढीत ते पुन्हा वसू शकते. खाणीचे गाव मात्र जमिनीखालच्या एकाच वस्तूसाठी उभे राहते आणि त्या वस्तूला बाजारात मोल उरले नाही, की तिथे थांबण्याचे दुसरे कोणतेच कारण माणसांपाशी राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पश्चिम भागात अशी शेकडो गावे सोन्याचांदीच्या मागे वसली आणि त्यांतली पुष्कळशी एका पिढीच्या आत ओस पडली. अशा ओसाड गावांना तिकडे ‘घोस्ट टाउन’ म्हणतात. कॅलिफोर्निया राज्यातील कॅलिको हे त्यांपैकी एक. १८८१ मध्ये ते वसले, जेमतेम बारा वर्षे भरभराटले आणि शतक उलटता उलटता जवळजवळ रिकामे झाले. जमिनीतली चांदी संपली म्हणून अशी गावे उठली, असा सर्वसाधारण समज आहे. कॅलिकोपुरता तो फार तर अर्धा खरा आहे. तिथली बरीच चांदी आजही जमिनीतच आहे. संपले ते तिचे मोल, आणि त्या मोलाला शेवटचा मोठा धक्का देणारा निर्णय सिमल्यात होऊन कलकत्ता आणि मुंबई येथील टांकसाळींत अमलात आला होता. म्हणूनच मोहावे वाळवंटातल्या या लहानशा गावाचा इतिहास मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही.

लॉस एंजेलिसहून लास वेगासकडे जाणाऱ्या महामार्गालगत, बारस्टो या गावाच्या ईशान्येला, सॅन बर्नार्डिनो परगण्यात कॅलिकोचे डोंगर आहेत. लाल, पिवळसर, हिरवट आणि तपकिरी अशा अनेक रंगांच्या खडकांचे पट्टे त्यांच्या उतारांवर उघडे पडलेले आहेत, आणि रंगीबेरंगी छापील सुती कापडाच्या नावावरूनच या डोंगरांना व पुढे गावाला कॅलिको हे नाव पडले. भूवैज्ञानिक ज्याला मायोसीन काळ म्हणतात, म्हणजे सुमारे २ कोटी ३० लाख ते ५० लाख वर्षांपूर्वीचा काळ, त्या काळात येथे ज्वालामुखींची राख आणि लाव्हा साचला, त्यांच्या जोडीला सरोवरांतला गाळ बसला, आणि पुढे भूकवचातील हालचालींमुळे या थरांना भेगा पडल्या. त्या भेगांतून वर चढणाऱ्या उष्ण, खनिजयुक्त पाण्याने बराइट, सिलिका आणि चांदीची संयुगे मागे ठेवली. भेगांत साचलेल्या अशा खनिजाच्या पट्ट्याला शीर म्हणतात, आणि कॅलिकोच्या डोंगरात अशा शिरा शेकड्यांनी होत्या.

या शिरांमधली चांदी बव्हंशी क्लोराइडच्या रूपात होती. शिंगासारखा मेणचट पोत आणि सुरीने कापता येईल इतका मऊपणा यांमुळे खाणकामगार या खनिजाला ‘हॉर्न सिल्व्हर’ म्हणत. कोरड्या प्रदेशात पृष्ठभागाजवळच्या मूळ खनिजाचे हवापाण्याने विघटन होते आणि क्षारयुक्त पाण्याशी संयोग होऊन चांदी क्लोराइडच्या रूपात जमिनीच्या वरच्या थरात एकवटते. याचे दोन परिणाम कॅलिकोला भोगावे लागले. चांदी वरच्या थरात आणि सहज वेगळी होणाऱ्या रूपात असल्याने गावाची सुरुवात फार झपाट्याने झाली. पण खाणी खोल जाऊ लागल्या तसतशी शिरांतली समृद्धी कमी होत गेली, आणि भाव उतरण्याच्या सुमारास बऱ्याच खाणी नेमक्या या उतरत्या टप्प्यावर होत्या.

इथे एका संज्ञेचा नीट उलगडा करणे आवश्यक आहे. ज्या खडकातून धातू मिळतो त्याला मराठीत धातुक म्हणतात. परंतु खाणशास्त्रात धातू असलेला प्रत्येक खडक धातुक ठरत नाही, तर ज्या खडकातून तो धातू नफा राखून काढता येतो तोच धातुक ठरतो. समजा, एका टन खडकात २० औंस चांदी आहे आणि तो खडक फोडून, वाहून, दळून त्यातली चांदी वेगळी करायला १५ डॉलर खर्च येतो. चांदीचा भाव औंसाला १ डॉलर १० सेंट असेल, तर त्या टनातून २२ डॉलर हाती येतात आणि खाण चालते. भाव ६० सेंटवर आला, तर १२ डॉलरच मिळतात आणि तोच खडक, त्यातल्या चांदीचा एक कणही कमी न होता, टाकाऊ दगड होऊन बसतो. हे आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत, पण कॅलिकोचे जे झाले त्याचे गणित हेच आहे.

१८८१ मध्ये काही शोधकांच्या एका लहानशा टोळीने या डोंगरात चांदीची समृद्ध शीर हेरली आणि तिच्यावर ‘सिल्व्हर किंग’ या नावाने हक्क नोंदवला. परगण्याचा तत्कालीन शेरीफ जॉन किंग याने या शोधकांना शिधासामग्री पुरवली होती आणि त्याच्या आडनावावरून खाणीला हे नाव मिळाले. पैसेवाल्याने शोधकाच्या अन्नसामानाचा आणि अवजारांचा खर्च उचलायचा व काही सापडले तर त्यात हिस्सा घ्यायचा, या व्यवहाराला ‘ग्रबस्टेक’ म्हणत. पश्चिम अमेरिकेतल्या कित्येक खाणींचा आरंभ अशाच भागीदारीतून झालेला दिसतो. त्याला कायद्याचे पाठबळही होते. १८७२ च्या खाणकायद्यानुसार सरकारी पडीक जमिनीवर शीर शोधणाऱ्याला जास्तीत जास्त १,५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद अशा पट्ट्यावर हक्क सांगता येई आणि दरवर्षी ठरावीक काम करून तो टिकवता येई. जमीन विकत घ्यावी लागत नव्हती, सरकारला उत्पन्नाचा वाटा द्यावा लागत नव्हता. भांडवल नसलेल्या माणसालाही या कायद्याने दार उघडून दिले, आणि काम संपल्यावर खणलेली जमीन तशीच टाकून जाण्याची मुभाही याच कायद्याने दिली. पश्चिमेतल्या ओसाड खाणगावांचा विचार करताना या दुसऱ्या बाजूकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

सिल्व्हर किंगची बातमी पसरताच वर्षभरात डोंगराच्या कुशीतल्या एका अरुंद पठारावर गाव उभे राहिले. १८८२ मध्ये तिथे टपाल कार्यालय सुरू झाले आणि ‘कॅलिको प्रिंट’ नावाचे साप्ताहिकही निघू लागले. वॉटरलू, बिस्मार्क, मॅगी, ओरिएंटल अशी नावे धारण करणाऱ्या खाणी आजूबाजूच्या घळींत निघाल्या. त्या काळात या परिसरात पाचशेच्या वर खाणी असल्याचे सांगितले जाते, मात्र त्यांतल्या बहुसंख्य म्हणजे एखाददुसऱ्या माणसाने खणलेले लहान बोगदे असणार, हे उघड आहे. भरभराटीच्या दिवसांत गावाची वस्ती १,२०० च्या आसपास होती. दुकाने, खाणावळी, जुगाराचे अड्डे, दारूचे गुत्ते, वेश्यागृहे आणि शाळा असे सर्व काही एकाच मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीने बसलेले होते.

घरबांधणीतून या वस्तीची परिस्थिती चांगली समजते. आसपास झाड नव्हते. लाकूड दुरून आणावे लागे आणि म्हणून ते महाग पडे. ज्यांना परवडले त्यांनी फळ्यांची घरे बांधली, काहींनी कच्च्या मातीच्या विटांची, तर पुष्कळ खाणकामगारांनी घळीच्या मऊ खडकात कपारी कोरून, पुढच्या बाजूला दगड रचून आणि पत्रा किंवा कापड ताणून राहण्याची सोय केली. मोहावेतला उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि अशा वेळी खडकात कोरलेली खोली फळ्यांच्या घरापेक्षा जास्त सुसह्य असते. या गरिबांच्या कपारी आजही जागेवर आहेत, फळ्यांची मूळ घरे मात्र जवळजवळ राहिलेली नाहीत. पाण्याची टंचाई कायमची होती. वर्षाकाठी जेमतेम दहा-पंधरा सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात मोहावे नदीसुद्धा बहुतेक अंतर वाळूखालून वाहते; गावाला पाणी बाहेरून आणावे लागे आणि आग लागली की ती विझवण्याइतके पाणी कधीच हाताशी नसे. १८८० च्या दशकात गावाला मोठ्या आगी लागल्या, १८८७ च्या आगीत बाजारपेठेचा मोठा भाग जळाला, तरीही दर वेळी गाव पुन्हा उभे राहिले. कारण चांदीला तोपर्यंत भाव होता. आगीने गाव उठले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या वस्तीत चिनी लोकांची एक लहान वाडी होती. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी घातली होती; आधीपासून तिथे असलेल्या या माणसांनाही खाणीत बरोबरीचे काम मिळणे अवघड होते, आणि स्वयंपाक, धुणे व दुकानदारी यांवर त्यांची गुजराण चाले. गावाच्या लोकप्रिय आठवणींत त्यांच्यापेक्षा अधिक जागा डॉर्सी नावाच्या कुत्र्याला मिळाली आहे. डाकप्रमुखाचा हा कुत्रा पाठीवर दोन लहान पिशव्या बांधून कॅलिकोहून बिस्मार्कच्या खाणवस्तीपर्यंत टपाल नेऊन पोचवत असे. ही हकिकत खरी आणि गोड आहेच, परंतु कुत्र्याचे नाव घरोघर ठाऊक असावे आणि चिनी रहिवाशांपैकी एकाचेही नाव सहसा कोणाच्या ओठी येऊ नये, यावरून अशा गावांचा इतिहास कोणी आणि कोणासाठी जपला हेही कळते.

खडकातून चांदी वेगळी करण्याची प्रक्रिया मुळापासून पाहिल्याशिवाय भाव आणि खाण यांचे नाते नीट लक्षात येत नाही. सुरुंगाने फोडलेला खडक बोगद्यातून ढकलगाड्यांत भरून बाहेर काढत, तिथून तो खेचरांच्या गाड्यांत भरून सुमारे दहा किलोमीटरवरच्या डॅगेट येथे, मोहावे नदीकाठच्या गिरणीत नेत. गिरणी खाणीजवळ न उभारता इतक्या दूर उभारण्याचे कारण पाणी. सदर्न पॅसिफिक कंपनीचा लोहमार्ग १८८३ पर्यंत डॅगेटवरून पूर्वेकडे गेला आणि त्यामुळे यंत्रे, कोळसा व लाकूड आणणे स्वस्त झाले. पुढे १८८८ मध्ये खाणीपासून गिरणीपर्यंतही अरुंद मापाचा छोटा लोहमार्ग टाकण्यात आला. गिरणीत लोखंडी मुसळांची रांग असे. वाफेच्या यंत्राने ही जड मुसळे एकामागून एक उचलली जात आणि खडकावर आदळत. आदळणाऱ्या मुसळांखाली पाणी सोडून खडकाचा बारीक चिखल केला जाई. हा चिखल मोठ्या लोखंडी परातींमध्ये घेऊन त्यात पारा मिसळत आणि वाफेची उष्णता देऊन तो कित्येक तास घुसळत. सिल्व्हर क्लोराइडमधला क्लोरीन लोखंड ओढून घेते, मोकळी झालेली चांदी पाऱ्यात विरते आणि तळाशी जड, लोण्यासारखा गोळा जमतो. पारा आणि दुसरा धातू यांच्या अशा मिश्रणाला पारदमेल म्हणतात. हा गोळा जाड कापडातून पिळून जास्तीचा पारा काढत, उरलेला गोळा बंद भांड्यात तापवून पाऱ्याची वाफ करत, ती वाफ थंड करून पारा पुन्हा वापरायला घेत आणि मागे राहिलेली सच्छिद्र चांदी वितळवून तिच्या विटा ओतत.

या साखळीतला जवळजवळ प्रत्येक खर्च चांदीच्या भावाशी न बांधलेला आहे. सुरुंगाची दारू, खेचरांचा चारा, बाष्पकाचे इंधन, पारा, मजुरी, यांपैकी काहीच चांदी स्वस्त झाली म्हणून स्वस्त होत नाही. खाणमालकापाशी दोनच उपाय उरतात, मजुरी कापणे किंवा फक्त सर्वांत समृद्ध खडक तेवढा काढून बाकीचा सोडून देणे. दुसऱ्या उपायाने खाणीचे आयुष्य झपाट्याने सरते, आणि पहिल्या उपायाने कामगार गाव सोडून जातो. त्याखेरीज पाऱ्याच्या वाफेने परातींजवळच्या कामगारांच्या शरीराचे जे नुकसान होई, त्याची किंमत कोणत्याच हिशेबात धरलेली नव्हती.

आता भावाकडे वळता येईल. १८७० च्या सुमारास जगातील बहुतेक व्यापारी राष्ट्रांत सोने आणि चांदी दोन्ही धातूंची नाणी चालत, किंवा दोहोंपैकी एक तरी धातू चलनाचा आधार होता. चांदीला सर्वांत मोठे गिऱ्हाईक दागिने घडवणारा सोनार नसून टांकसाळ हेच होते. १८७१ ते १८७३ या काळात जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारून आपली जुनी चांदीची नाणी विक्रीला काढली, १८७३ मध्ये अमेरिकेनेही नवीन कायद्याने चांदीच्या डॉलरची सर्वसाधारण पाडणी बंद केली, आणि इतर युरोपीय देश त्याच मार्गाने गेले. दुसरीकडे, १८५९ मध्ये नेव्हाडात सापडलेल्या कॉमस्टॉक शिरेपासून पुढे चांदीचे उत्पादन सतत वाढत होते. गिऱ्हाईक कमी आणि माल जास्त, अशा स्थितीत १८७२ मध्ये औंसाला १ डॉलर ३० सेंटच्या वर असलेला भाव कॅलिको वसले त्या वर्षी १ डॉलर १३ सेंटच्या आसपास आलेला होता. म्हणजे हे गाव मुळात उतरत्या बाजारातच जन्माला आले.

ते टिकले याचे एक कारण त्याच्या उथळ, समृद्ध शिरा, आणि दुसरे कारण सरकारी खरेदी. पश्चिमेच्या खाणमालकांना आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांना चलनात चांदी हवी होती. त्यांच्या रेट्यामुळे १८७८ मध्ये ब्लँड–ॲलिसन कायदा झाला आणि अमेरिकी सरकारने दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घेण्याचे बंधन पत्करले. १८९० च्या शर्मन कायद्याने ही खरेदी दरमहा ४५ लाख औंसांपर्यंत वाढवली, जे त्या वेळच्या अमेरिकेच्या जवळपास संपूर्ण उत्पादनाइतके होते. भाव थोड्याच आठवड्यांत १ डॉलर २० सेंटवर गेला, खाणगावांत आनंदीआनंद झाला, आणि त्यानंतर वर्षभरात भाव पुन्हा उतरू लागला; कारण सरकार घेत असलेली चांदी बाजारातून नाहीशी होत नव्हती, ती तिजोरीत साचत होती आणि तिच्या बदल्यात दिलेल्या नोटा घेऊन लोक सोने मागत होते. अशा तऱ्हेने सरकारच्या सोन्याच्या साठ्याला गळती लागली.

चांदीच्या जागतिक बाजाराचा दुसरा मोठा आधार होता हिंदुस्थान. १८३५ पासून कंपनी सरकारने एकसारखा रुपया सुरू केला; त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. कलकत्ता आणि मुंबई येथील टांकसाळींत कोणाही व्यापाऱ्याला चांदी आणून देता येई आणि किरकोळ मुद्रणशुल्क भरून तिचे रुपये पाडून घेता येत. या व्यवस्थेला मुक्त पाडणी म्हणतात. चांदीचा भाव लंडनमध्ये पडला की ती जहाजाने मुंबईला आणून तिचे रुपये करणे किफायतशीर ठरे. फोर्ट भागातली ही मुंबईची टांकसाळ, जिची इमारत १८२० च्या दशकात मेजर जॉन हॉकिन्स या अभियंत्याने उभारली, अशा रीतीने नेव्हाडा, कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियातल्या चांदीला खात्रीचे दार देत होती. खाणकामगारांना तिचे नावही ठाऊक असण्याचा संभव कमी, पण त्यांच्या मजुरीचा काही अंश तिच्यावर अवलंबून होता, हे निश्चित.

या व्यवस्थेचा ताण हिंदुस्थान सरकारवर येत होता. विलायतेत द्यावयाची रक्कम, म्हणजे निवृत्तिवेतने, कर्जावरील व्याज, लोहमार्गांची हमी, लष्करी खर्च वगैरे, यांना ‘होम चार्जेस’ म्हणत, आणि ती रक्कम सोन्यात चुकवावी लागे. १८७० च्या सुमारास रुपयाची किंमत सुमारे दोन शिलिंग होती, म्हणजे एका पौंडाला दहा रुपये पडत; १८९२-९३ पर्यंत ती सव्वा शिलिंगाच्या आसपास उतरली, तेव्हा त्याच पौंडाला सोळा रुपये पडू लागले. वर्षाला सुमारे १ कोटी ६० लाख पौंड भरावयाचे असतील, तर १६ कोटी रुपयांचा बोजा २५ कोटींच्या वर जातो, आणि हा वाढीव भार शेवटी हिंदी करदात्यावरच पडतो. लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रश्नाचा विचार केला आणि तिच्या शिफारशीनुसार २६ जून १८९३ रोजी सिमल्यात एकाच दिवसात कायदा संमत होऊन हिंदुस्थानातील टांकसाळी खासगी चांदीच्या पाडणीला बंद झाल्या.

न्यू यॉर्कच्या बाजारात त्याच आठवड्यात औंसाचा भाव ८३ सेंटच्या आसपासून ६२ सेंटपर्यंत कोसळला. कोलोरॅडोतील खाणमालकांनी भाव सुधारेपर्यंत खाणी बंद ठेवण्याचा निर्णय केला, हजारो कामगार डेन्व्हरकडे लोटले आणि जुलैच्या मध्यात त्या शहरातल्या डझनभर बँका लागोपाठ बुडाल्या. त्या वर्षी अमेरिकेत आधीच आर्थिक घबराट सुरू झालेली होती. हिंदुस्थानच्या निर्णयाने राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांना शर्मन कायदा रद्द करवून घेण्याची निकड आणखी तीव्र केली, आणि १ नोव्हेंबर १८९३ रोजी तो रद्द झाला. सुमारे चार महिन्यांत चांदीची दोन्ही मोठी गिऱ्हाइके बाजारातून उठली. १८९६ च्या निवडणुकीत विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी चांदीच्या मुक्त पाडणीचा झेंडा घेऊन अध्यक्षपद लढवले आणि ते हरले, तेव्हा खाणगावांची उरलीसुरली आशाही मावळली.

हा निर्णय इकडे सर्वांना सुखाचा झाला असे मात्र नाही. सामान्य शेतकरी आणि कष्टकरी घरांतली बचत वाळे, तोडे, गोठ, सरी, कमरपट्टे अशा चांदीच्या दागिन्यांत असे, आणि तोवर तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ रुपया हे समीकरण या बचतीच्या पाठीशी उभे होते. अडीनडीला दागिना मोडला तर त्यातून बट्टा फारसा जात नसे. टांकसाळी बंद झाल्यावर रुपयाची किंमत कायद्याने वर उचलली गेली आणि चांदी मात्र खाली गेली, त्यामुळे तोच तोळा काही वर्षांत रुपयापेक्षा बराच स्वस्त झाला. मुंबईच्या सूतगिरण्यांनाही झळ लागली. त्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जाई, चीनचे चलन चांदीचेच राहिले होते आणि रुपया महागल्याने तिथल्या बाजारात मुंबईचे सूत महाग पडू लागले. मोहावेतला बेकार खाणकामगार, मुंबईचा गिरणीमालक आणि दागिना मोडायला निघालेली शेतकरीण, ही माणसे एकमेकांना कधी भेटली नाहीत. पण एका कायद्याने त्या सर्वांच्या मिळकतीची किंमत एकाच दिवशी बदलली. या सर्व घडामोडींचे सर्वांत सखोल विवेचन ज्या ग्रंथांत आहे त्यांपैकी एक डॉ. भीमराव आंबेडकर यांचा आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील डी.एस्सी. पदवीसाठी त्यांनी लिहिलेला आणि १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध सोने-चांदीचे प्रमाण का बिघडले, त्याने हिंदी व्यापार व करपद्धती यांवर काय परिणाम केले आणि टांकसाळी बंद करण्यामागचा विचार काय होता, याची बारकाईने छाननी करतो. चलनाचा इतिहास हा रूक्ष विषय आहे असे मानणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा.

कॅलिकोची उतरण १८९३ च्या आधीच, भाव पुन्हा घसरू लागले तेव्हा, सुरू झाली होती. वरचा समृद्ध थर काढून झाला होता आणि खोलवरचा खडक जुन्या भावालाच कसाबसा परवडत होता. १८९३ नंतर सावरण्याची शक्यता मिटली. १८९० च्या दशकाच्या मध्यास भाव ६० सेंटच्याही खाली गेला, तेव्हा मोठ्या खाणी एकामागून एक थांबल्या आणि १८९८ मध्ये टपाल कार्यालयही बंद झाले. निघून जाणाऱ्यांनी घरे मागे टाकली नाहीत. लाकूड इतके मोलाचे होते की फळ्या, दारे, खिडक्या उतरवून त्या डॅगेट, बारस्टो आणि येर्मो या जवळपासच्या गावांत नेऊन पुन्हा लावल्या गेल्या. काही इमारती अख्ख्याच हलवल्या. आज या गावातून मूळ इमारती नाहीशा दिसतात, त्यामागे काळापेक्षा या काटकसरीचा हात मोठा आहे. बारा वर्षांत या डोंगरातून अंदाजे दीड ते दोन कोटी डॉलरची चांदी निघाली होती.

काही काळ बोरॅक्सने थोडा आधार दिला. काच, चिनी माती आणि साबण यांच्या उद्योगात लागणारे हे रसायन कोलमनाइट नावाच्या खनिजापासून मिळते, आणि त्याचे साठे याच डोंगराच्या पूर्व भागात बोरेट येथे होते. फ्रान्सिस मॅरियन स्मिथ यांच्या पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीने तिथे खाणी काढल्या, प्रथम वीस खेचरांच्या गाड्यांनी आणि १८९८ पासून स्वतःच्या लोहमार्गाने माल डॅगेटला पोचवला. १९०७ मध्ये कंपनीने आपले काम ‘डेथ व्हॅली’ या खोऱ्याजवळच्या नव्या खाणीकडे नेले आणि कॅलिको पूर्ण ओस पडले. पुढे १९१५ च्या सुमारास जुन्या टाकाऊ ढिगांतून सायनाइडच्या द्रावणाने चांदी काढण्याचा एक प्रयत्न झाला. त्यासाठी लागणाऱ्या लाकडी टाक्या बांधणाऱ्यांत वॉल्टर नॉट नावाचा तरुण होता. सिल्व्हर किंगला ज्याचे नाव मिळाले त्या जॉन किंगच्या नात्यातला तो.

हाच नॉट पुढे बेरीची फळे, कोंबडीचे जेवण आणि करमणुकीचे उद्यान यांच्या व्यवसायात श्रीमंत झाला, आणि १९५१ मध्ये त्याने कॅलिको विकत घेतले. जुनी छायाचित्रे समोर ठेवून त्याने गाव १८८० च्या दशकातल्या रूपात उभे केले आणि १९६६ मध्ये ते सॅन बर्नार्डिनो परगण्याला देऊन टाकले. आता ते परगण्याचे उद्यान आहे. मूळच्या पाचच इमारती शिल्लक होत्या, बाकीचे सारे पुनर्रचित आहे. नॉटच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, त्याच्या प्रयत्नाविना येथे कदाचित काहीच उरले नसते. तरीही या पुनर्रचनेत दुकाने, गुत्ते आणि शाळा आहेत, पण पाऱ्याच्या पराती आणि धुराडे असलेली गिरणी नाही, चिनी वाडीची जेमतेम खूण आहे, आणि गाव का उठले याच्या उत्तरात चांदीच्या भावाचे एक वाक्य आहे, तो भाव कोणी पाडला याचा उल्लेख नाही.

उद्यानाच्या पश्चिमेला, जुन्या वॉटरलू खाणीच्या परिसरात, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खाणकंपन्यांनी भोके पाडून जमिनीची तपासणी केली आहे. अलीकडच्या अंदाजांनुसार एकट्या त्या साठ्यात १० कोटी औंसांहून अधिक चांदी आहे; ती एकोणिसाव्या शतकातल्या शिरांसारखी एकवटलेली नसून फार मोठ्या खडकात थोडी थोडी विखुरलेली आहे, आणि ती काढायची तर बोगदे न खणता डोंगराचा तेवढा भागच उघड्या खाणीने उचलावा लागेल. सौर पट्ट्या आणि विद्युत उपकरणे यांच्यासाठी चांदीची मागणी वाढत असल्याने तिथल्या साठ्याचे हिशेब दर काही वर्षांनी नव्या भावाने पुन्हा मांडले जातात, आणि त्यांत पाण्याचा पुरवठा हा प्रश्न १८८१ मध्ये होता तितकाच वरच्या क्रमांकावर आहे.